बाटली पेवात ठेवावी का?

इंझोरीहून एका भगिनीने विचारलंय. लेक-जावई नाशिकहून येताना लाल वाइनची भारी बाटली घेऊन आले. ‘बोर्दोच्या पद्धतीची आहे, ठेवाल तितकी मुरेल,’ असं जावई सांगून गेले. सहा वर्षांनी यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतील, तेव्हा उघडायची. तोवर जुन्या धान्याच्या पेवात ठेवली तर? नि सासूबाईंना काय सांगावं?

ठेवू नका, बाई. फ्रान्समधल्या तळघरात बारा-तेरा अंश तापमान बारा महिने असतं. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशीपार जातो. पेव घरापेक्षा थंड खरं, पण तेही पंचवीसच्या खाली फारसं येत नाही. उष्म्याने वाइन फुगते, बूच ढिलं होतं नि चव शिजल्यासारखी लागते. शिवाय मुरण्याजोगी वाइन थोडीच. बहुतेक दोन-चार वर्षांत प्यायच्याच असतात. तेव्हा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवा, म्हणजे बूच ओलं राहील, आणि येत्या थंडीत लेक-जावई आले की उघडा.

बोर्दोची पद्धत म्हणजे मुख्यतः काबर्ने सोव्हिन्यों नि मर्लो या दोन द्राक्षांचं मिश्रण. मर्लो आधी पिकतं, काबर्ने उशिरा; पावसाने एक गेलं तर दुसरं हाताशी. आपण सोयाबीनमध्ये तूर घेतो, तसंच हे! काबर्ने तुरट नि कणखर, मर्लो मऊ. तिकडे तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, आपल्या नाशकात जानेवारी ते मार्चमध्ये.

उघडण्याआधी बाटली दिवसभर उभी ठेवावी, गाळ तळाशी बसतो. फार गार नको. सोळा-अठरा अंश पुरे. पेला तिसरा हिस्साच भरा, पांढऱ्या कापडावर तिरका धरून रंग पाहा. कडेला विटकरी झाक असेल तर वाइन वयाने मोठी. पेला फिरवून वास घ्या, मग छोटा घोट तोंडात घोळवा. जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते ना, तोच तुरटपणा इथे सालीतून नि बियांतून येतो. त्याच्यामागून फळाची चव बराच वेळ रेंगाळली, तर वाइन चांगली. सोबत झणझणीत रस्सा मात्र नको, तिखटाने ती कडवट नि जळजळीत लागते. कमी तिखटाचं भाजलेलं मटण किंवा वांग्याचं भरीत करा.

सासूबाईंना खरं तेच सांगावं. ही दारूच आहे, तेरा-चौदा टक्क्यांची. ‘द्राक्षाचा रस’ म्हणून गोड नाव देऊ नये. लपवलेलं सापडलं की भांडण बाटलीवरून न राहता विश्वासावर येतं. त्यांना नको असेल तर बाटली लेकीकडेच उघडावी. हृदयाला बरी म्हणून कुणी आग्रह केला तर ऐकू नका. कितीही थोडी घेतली तरी निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलं आहे. गरोदर बाईने तर घेऊच नये. आणि नागपूरला नेणार असाल तर वाटेत वर्धा जिल्हा लागतो, तिथे दारूबंदी आहे, बरं का!

उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. पुढे आंबट झाली तर वाटीभर मटण शिजवताना घाला.