संशोधकाची मुदत आणि त्यानंतर

राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळवून प्रयोगशाळेत दाखल होणाऱ्या तरुणास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० व पुढे ४२,००० रुपये देण्याचा जो दर १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला, तो स्वागतार्हच होय. परंतु ही रक्कम वेळेवर हाती पडावी कशी आणि पाच वर्षांची मुदत सरल्यावर या विद्वानाने जावे कोठे, या प्रश्नांची तड सरकारदरबारी अद्याप लागलेली नाही. हजेरीचा दाखला मार्गदर्शकाच्या सहीनंतर विभागप्रमुखाकडे आणि तेथून हिशेबखात्याकडे फिरत असता खोलीचे भाडे काही थांबत नाही, आणि तिशीकडे झुकलेल्या संशोधकावर वडिलांपुढे हात पसरण्याची पाळी येते, हे आम्हांस लांच्छनास्पद वाटते. पुढचा मार्ग तर अधिकच बिकट. महाराष्ट्रातील विद्यापीठांत व महाविद्यालयांत अध्यापकांच्या जागा रिक्त असता तासिका तत्त्वावर काम भागविले जाते. तासामागे मानधन घेणाऱ्या हंगामी अध्यापकाने दीर्घ मुदतीचा प्रयोग हाती घ्यावा, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. परदेशी जाणाऱ्यांस दूषण देण्यापूर्वी सरकारने पदभरतीचे वार्षिक वेळापत्रक जाहीर करून ते कसोशीने पाळावे, आणि औषधनिर्मिती वा पेटंटविषयक कामासारख्या अन्य वाटांची माहिती संस्थांनी उमेदवारास प्रवेशाच्या वेळीच द्यावी, प्रबंध सादर झाल्यावर नव्हे.