समुद्र आपल्याही मुलांचा आहे

यवतमाळ जिल्ह्यात शाळेची सहल म्हटली की दीक्षाभूमी, अजिंठा, चैत्यभूमी ही नावे आपसूक पुढे येतात. ती यावीतच. परंतु या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे आणखी एक विचार मांडू इच्छितो. आपल्या निवासी शाळेतील मुलामुलींना शिडाच्या जहाजावरील सफरीची संधी मिळाली पाहिजे. आणि ती चैन म्हणून नव्हे, तर शिक्षणाचा भाग म्हणून.

शिडाच्या जहाजांचा काळ सरला असा समज आहे. गोवा शिपयार्डमध्ये बांधलेले ‘तरंगिणी’ हे तीन डोलकाठ्यांचे जहाज १९९७ मध्ये नौदलात दाखल झाले आणि २००३-०४ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. २०१२ मध्ये ‘सुदर्शिनी’ त्याच्या जोडीला आली. यंत्रयुगातही नौदल आपल्या प्रशिक्षणार्थींना या जहाजांवर पाठविते, कारण वारा, लाट आणि प्रवाह यांचे ज्ञान दोर हाती धरल्याशिवाय होत नाही. शिवाय शीड एकट्याने चढत नाही. दहा जणांनी एकाच वेळी एकच दोर ओढावा लागतो, पाळीने रात्र जागावी लागते. समतेचा असा पाठ वर्गात फळ्यावर लिहून देता येत नाही.

बौद्ध संस्कृतीला समुद्र कधीच परका नव्हता. सोपारा आणि कल्याण येथील दात्यांची नावे कान्हेरीच्या शिलालेखांत आहेत. संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन जलमार्गाने सिंहलद्वीपास गेली, असे परंपरा सांगते. पाचव्या शतकात फाहियान ताम्रलिप्तीहून जहाजाने निघाला व समुद्रमार्गेच मायदेशी परतला. अजिंठ्याच्या भिंतीवरील जहाजाच्या आधारे, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून बांधलेले ‘कौंडिण्य’ २०२५ मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झाले. हे नाव पंचवर्गीय भिक्खूंतील कौंडिण्याचे नसून आग्नेय आशियात गेलेल्या, आख्यायिकेतील नाविकाचे आहे. तरी जहाजाचे रूप मात्र आपल्या लेण्यांनीच जपून ठेवले.

मग समुद्र दुरावला कसा? बौधायन धर्मसूत्राने समुद्रगमनाला पतित करणाऱ्या कर्मांत पहिले स्थान दिले. मनुस्मृतीने समुद्रप्रवास करणाऱ्यास श्राद्धाच्या पंगतीतून वगळले. याच मनुस्मृतीचे दहन करण्यासाठी बाबासाहेब डिसेंबर १९२७ मध्ये मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने दासगाव बंदरात उतरून महाडला गेले, ही घटना इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

पुढे शास्त्राचा धाक ओसरला, प्रायश्चित्ते घेऊन सधन घरची मुले विलायतेस गेली. आपल्या समाजापुढे मात्र शास्त्राइतकाच तिकिटाचाही प्रश्न होता. १९१३ मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली नसती, तर बावीस वर्षांच्या भीमरावांना न्यूयॉर्क दिसले नसते. गुणवत्ता होतीच, वाट मोकळी झाली ती कोणीतरी खर्च उचलला म्हणून.

पालकांची शंका आम्हांस ठाऊक आहे. कापूस वेचून दिवस काढणाऱ्या घरातील मुलाला नोकरी हवी, समुद्र कशाला? पण मर्चंट नेव्ही, नौदल, जहाजबांधणी, सागरविज्ञान ही सर्व क्षेत्रे ज्याने समुद्रच पाहिला नाही त्याच्या स्वप्नातही येत नाहीत. मुलींविषयीची काळजीही रास्त आहे; तरी २०१७-१८ मध्ये ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून सहा महिला नौदल अधिकाऱ्यांनी २५४ दिवसांत जगप्रदक्षिणा पूर्ण केली, हेही लक्षात घ्यावे.

आमची सूचना साधी आहे. प्रथम प्रत्येक विद्यार्थ्यास पोहणे शिकवावे. ते न शिकता कोणासही बोटीवर नेऊ नये. नंतर राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेशी संपर्क साधावा. माजी विद्यार्थ्यांनी निधी उभारून दरवर्षी पाच मुली व पाच मुलगे किनाऱ्यावर शीडनौकानयनाच्या प्रशिक्षणास पाठवावेत. आणि नौदलाच्या शीडजहाजांवर ग्रामीण निवासी शाळांतील मुलांसाठी काही जागा असाव्यात, अशी मागणी आपण सर्वांनी मिळून शासनाकडे करावी.

या शाळेतून शिकून नोकरीस लागलेल्यांनी एका मुलाच्या प्रवासखर्चाचा भार जरी उचलला, तरी बडोद्याच्या त्या शिष्यवृत्तीचे ऋण काही अंशी फिटेल. जयभीम!