निराकार नव्हे, अनियताकार!

मंडळी, आज एका शब्दावरून थोडं भांडायचं आहे. भांडण मूळचं शास्त्रज्ञांचं, पण शब्दाचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, दुसरं काय होणार!

आधी सांगते की विज्ञानाचा तास माझ्याकडे कधीच नव्हता. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई. पण माझ्या धाकट्या दिरांना पार्किन्सनचं निदान झालं (घरची मंडळी हे वाचतात, त्यांना ठाऊकच आहे) आणि त्यांच्या डॉक्टरांच्या तोंडून एका प्रथिनाचं नाव ऐकलं, अल्फा-सिन्युक्लिन. त्या नावाचा माग काढत काढत मी एका वेगळ्याच गोतावळ्यापर्यंत जाऊन पोचले. जीवरसायन शिकणाऱ्या माझ्या भाचीला त्यासाठी भरपूर छळलं आहे. तिनं न कंटाळता समजावलं, म्हणून हे लिहू शकते.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. ती माळ स्वतःभोवती गुंडाळली जाऊन तिला ठरावीक आकार येतो, आणि जसा आकार तसं काम, अशी शिकवण शंभर वर्षं चालत आली. १८९४ साली एमिल फिशर यांनी कुलूप आणि किल्लीची उपमा दिली. ती इतकी चपखल होती की आपल्या मुलांना ती आजही पाठ असते. पुढे केंड्रू आणि पेरुट्झ यांनी प्रथिनांचे आकार प्रत्यक्ष उलगडून दाखवले, त्यांना १९६२ साली नोबेल मिळालं. ॲनफिन्सन यांनी दाखवलं की उलगडलेली माळ आपली आपण पुन्हा मूळ आकारात जाऊ शकते, म्हणजे आकाराचा आराखडा माळेतच असतो. त्यांना १९७२ साली नोबेल मिळालं. आपल्या देशातही मद्रासला जी. एन. रामचंद्रन यांनी १९६३ साली ही माळ कुठे वळू शकते आणि कुठे नाही, याचा नकाशाच काढून दिला.

हे सगळं खरंच आहे. फक्त ते सगळ्या प्रथिनांना लागू नाही!

याचा पुरावा आपल्या स्वयंपाकघरात रोज असतो. अंडं उकडलं की पांढरा भाग घट्ट होतो, कारण त्यातल्या प्रथिनांची घडी उष्णतेनं मोडते आणि ती एकमेकांत गुंततात. पण दूध उकळलं तर? साय येते, पण चांगलं दूध नासत नाही. गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असतं, आणि केसीनला मुळात पक्की घडीच नसते. जी घडी नाही ती मोडणार कशी? (लिंबू पिळल्यावर दूध फाटतं, ते आम्लामुळे, तो प्रकार वेगळा.) प्रयोगशाळेतही अशी प्रथिनं वेगळी काढायला मिश्रण उकळण्याची युक्ती जुनी आहे. बाकीची साकळतात, ही पाण्यात तशीच राहतात.

म्हणजे अशी प्रथिनं शास्त्रज्ञांच्या नजरेसमोर होतीच. पण त्यांच्याकडे अपवाद म्हणून पाहिलं गेलं. प्रथिनाचा स्फटिक करून त्यावर क्ष-किरण टाकले की चित्र मिळतं. त्या चित्रात जो भाग स्थिर नसेल तो दिसतच नाही, तिथे कोरी जागा राहते. अशी कोरी जागा दिसली की लोक खाली एक ओळ लिहून पुढे जात. १९९५ साली कॅल्सिन्युरिन नावाच्या प्रथिनाची रचना प्रसिद्ध झाली. ज्या भागाला कॅल्मोड्युलिन येऊन चिकटतं आणि त्याचं काम सुरू होतं, नेमका तोच भाग चित्रात गायब होता. अमेरिकेतले कीथ डंकर अशाच कोऱ्या जागांच्या मागे लागले. त्यांनी झोरान ओब्राडोविच यांच्यासारख्या संगणकाच्या जाणकारांना बरोबर घेतलं आणि विचारलं, की नुसती अमिनो आम्लांची अक्षरं वाचून कोणता भाग घडी घालणार नाही हे ओळखता येईल का? १९९७ च्या सुमारास उत्तर मिळालं, बऱ्याच अंशी येईल.

त्याच वेळी कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत पीटर राइट आणि जेन डायसन दुसऱ्या वाटेनं तिथेच पोचले होते. पेशीच्या विभाजनावर लगाम ठेवणारं पी-२१ हे प्रथिन एकटं असताना आकारहीन असतं आणि जोडीदाराला चिकटल्यावर आकार घेतं, हे १९९६ साली राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. १९९९ साली राइट आणि डायसन यांनी आकार आणि काम यांच्या जुन्या समीकरणाचा फेरविचार करा, असं स्पष्ट लिहिलं. रशियातल्या पुश्चिनोत तयार झालेले व्लादिमीर उव्हर्स्की, बुडापेस्टचे पीटर टोम्पा... असे एकेक जण जोडले जात गोतावळा वाढला. मग मोजणी झाली. २००४ सालच्या एका अंदाजानुसार जीवाणूंच्या साधारण ४ टक्के प्रथिनांत असे लांबलचक मोकळे भाग असतात, तर आपल्यासारख्या केंद्रकवाल्या पेशींच्या सजीवांत ३३ टक्के! अपवाद म्हणावा तर तिसरा हिस्सा! वर्गात तीन मुलांमागे एक मूल निराळं निघालं, तर बाई हजेरीपटच नव्यानं मांडतील की नाही?

आता भांडणाकडे येते. या प्रथिनांना नाव काय द्यायचं? गेल्या काही दशकांत नावांची नुसती जत्रा भरली होती. कुणी ‘मुळातच उलगडलेली’ म्हणालं, कुणी ‘रचनाहीन’, कुणी ‘सरड्यासारखी’, कुणी ‘नाचणारी’, तर कुणी ‘प्रथिनांचे ढग’. नावं वेगवेगळी असल्यामुळे एकाचं काम दुसऱ्याला सापडायचं नाही. शेवटी २०१३ साली डंकर आणि बऱ्याच सहकाऱ्यांनी मिळून एक लेखच लिहिला, नावात काय आहे असं विचारणारा. त्यात त्यांनी ‘इन्ट्रिन्सिकली डिसऑर्डर्ड’ हे नाव उचलून धरलं. इन्ट्रिन्सिकली अशासाठी, की हा मोकळेपणा बाहेरून आलेला बिघाड नसून माळेतल्या अक्षरांतच लिहिलेला आहे.

हे मला पटतं. पण मराठीत त्याचं ‘अव्यवस्थित प्रथिनं’ असं भाषांतर केलेलं मी पाहिलं आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली. अव्यवस्थित म्हणजे ज्याचं दप्तर फाटकं, अक्षर गिचमिड! त्या शब्दात दोष दिल्याचा सूर आहे. पेशीत ज्यांच्यावर सर्वांत नाजूक निरोप पोचवायची जबाबदारी आहे, त्यांना असं नाव? पी-५३ हे प्रथिन घ्या. माणसाच्या जवळजवळ निम्म्या कर्करोगांत ते बिघडलेलं सापडतं, इतकं ते महत्त्वाचं. त्याच्या शेपटाकडचा एकच छोटा तुकडा चार वेगवेगळ्या जोडीदारांपाशी चार वेगवेगळे आकार घेतो. एकापाशी मळसूत्रासारखा पिळदार, दुसऱ्यापाशी सरळ पट्टीसारखा, उरलेल्या दोघांपाशी आणखी निराळ्या वळणांचा.

मला यावर लुगडं आठवतं. सदरा शिंप्यानं शिवलेला असतो, ज्याच्या मापाचा त्यालाच बसतो. लुगड्याला शिवण नाही, पण म्हणून त्याला कुणी अव्यवस्थित कापड म्हणत नाही. कासोटा घालून शेतात जाता येतं, पदर खोचून चुलीपुढे बसता येतं, मऊ झालं की बाळाची झोळी होते. कामाप्रमाणे घडी बदलते, वस्त्र तेच.

म्हणून माझी सुचवण, ‘अनियताकार प्रथिनं’. ज्यांचा आकार नियत नाही ती. पूर्ण नाव हवं तर ‘स्वभावतः अनियताकार’. त्यात निंदा नाही आणि स्तुतीही नाही.

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर मी हे बोलले, तर एका पुतण्यानं लगेच लिहिलं, “काकू, निराकार म्हणा ना! हे तर आपल्याकडे आधीपासून होतंच.” त्याला तिथे उत्तर दिलं नाही, इथे देते. निराकार म्हणजे ज्याला आकारच नाही. ही प्रथिनं क्षणाक्षणाला कोणता ना कोणता आकार घेतच असतात, फक्त एकावर टिकत नाहीत. शिवाय ज्यांनी हे शोधलं त्यांनी प्रयोग केले, मोजलं, एकमेकांच्या चुका काढल्या. श्रद्धेचा शब्द तिथे चिकटवला की आपल्याला वाटतं आपल्याला कळलं, आणि प्रश्न विचारणं थांबतं. श्रद्धेचा मान श्रद्धेला ठेवावा, प्रयोगाचा प्रयोगाला.

आणि प्रश्न विचारणं हेच मला या गोतावळ्याचं सर्वांत आवडलं. २०१३ सालीच जॅनिन आणि स्टर्नबर्ग या दोन नामवंतांनी शंका घेतली होती, की परीक्षानळीत मोकळी दिसणारी ही प्रथिनं पेशीच्या गर्दीत तशीच राहतात कशावरून? शंका रास्त होती. त्यावर नुसता वाद न घालता लोकांनी पेशीच्या आत डोकावण्याच्या पद्धती वापरल्या. २०१६ साली जिवंत पेशींत अल्फा-सिन्युक्लिन पाहिलं गेलं आणि ते तिथेही बरंचसं मोकळंच आढळलं. २०१८ साली तर अशी दोन प्रथिनं सापडली जी एकमेकांना अतिशय घट्ट धरतात आणि तरीही दोघंही मोकळीच राहतात. कुलूप-किल्लीवाल्यांनी काय म्हणावं!

आणखी एक गोष्ट. प्रयोगानं सिद्ध झालेल्या अशा प्रथिनांची एक नोंदवही हे लोक ठेवतात, डिसप्रॉट नावाची. आता ती इटलीतल्या पादुआहून चालते. आणि अंदाज बांधणाऱ्या संगणकी पद्धतींची ते चक्क परीक्षा घेतात! उत्तरं आधी कुणाला माहीत नसतात. २०२१ साली पहिल्या परीक्षेचा निकाल लागला, तेव्हा ४३ पद्धती ६४६ प्रथिनांवर तपासल्या होत्या. पेपर काढणारा वेगळा आणि सोडवणारा वेगळा, हे तत्त्व पाहून मला फार बरं वाटलं.

त्याच २०२१ साली अल्फाफोल्डनं माणसाच्या जवळजवळ सगळ्या प्रथिनांचे आकार अंदाजानं काढून दाखवले, आणि त्यामागच्या हसाबिस आणि जंपर यांना २०२४ साली नोबेलचा वाटा मिळाला. मोठंच काम आहे, वादच नाही. पण त्या चित्रांत जागोजागी नारिंगी-पिवळ्या फिती विस्कटलेल्या दिसतात. ‘इथे आम्हाला खात्री नाही’ असं यंत्र स्वतःच सांगतं. त्यातल्या पुष्कळशा जागा या अनियताकार मंडळींच्याच आहेत. यंत्र आलं म्हणून त्यांचा प्रश्न संपला, असं कुणी म्हणालं तर मानू नका.

आता ज्या कारणानं मी यात पडले त्याबद्दल. अल्फा-सिन्युक्लिन ही १४० अमिनो आम्लांची माळ मज्जापेशींच्या टोकांशी असते. पार्किन्सनमध्ये ती एकमेकींत गुंतून गठ्ठे होतात. १९९७ साली या प्रथिनातला बदल काही घराण्यांच्या पार्किन्सनशी जोडला गेला, आणि त्याच वर्षी रोग्यांच्या मेंदूतल्या गठ्ठ्यांत तेच प्रथिन सापडलं. अल्झायमरमधलं टाऊ हेही याच जातीचं. आपल्या पवईच्या आयआयटीत समीर माजी यांच्या गटानं २०२० साली दाखवलं, की गठ्ठे होण्याआधी अल्फा-सिन्युक्लिनचे द्रवासारखे थेंब तयार होऊ शकतात आणि त्यातून पुढे गठ्ठे धरतात. भावजींच्या आजाराचा एक धागा मुंबईतच कुणी उलगडतंय, हे वाचून मन भरून आलं.

“मग औषध कुठे आहे?” असं भावजी विचारतात. त्यांचा हात थरथरत असताना त्यांना विचारायचा हक्क आहे. बरीचशी औषधं प्रथिनाच्या खाचेत बसून काम करतात. इथे टिकून राहणारी खाचच नाही, म्हणून हे काम अवघड. २०२५ साली डेव्हिड बेकर यांच्या गटानं अशा मोकळ्या प्रथिनांना धरणारी नवी प्रथिनं संगणकावर रचून प्रयोगशाळेत तपासली. रोग्यापर्यंत ती वाट लांब आहे, आणि भावजींना मी खोटं सांगणार नाही. पण मूळ गोष्ट कळली नसती तर ही वाट सुरूच झाली नसती. औषधाचं आश्वासन देणाऱ्या संशोधनालाच पैसे द्या, असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की कोऱ्या जागांकडे पाहणाऱ्या त्या माणसांनी १९९५ साली कसलं आश्वासन दिलं असतं?

माझं मागणं लहानसंच आहे. पाठ्यपुस्तकात कुलूप-किल्ली राहू दे, ती चांगली उपमा आहे. पण तिच्याखाली एक परिच्छेद वाढवा, की पुष्कळ प्रथिनं अशी नसतात आणि तरीही ती काम करतात. पुढे याच विषयात जाऊ शकणाऱ्या मुलीला दहा वर्षं उशिरा हे कळू नये.

शब्दाबद्दल तुमचं मत जरूर कळवा. ‘अनियताकार’पेक्षा बरा शब्द सुचला तर मी आनंदानं घेईन. फक्त ‘अव्यवस्थित’ नको.