कान, काटा आणि केबल

आपल्या रसिक मंडळींत गेल्या काही वर्षांत एक नवा पंथ रुजला आहे. या पंथाला देव आहे, पुजारी आहेत, नैवेद्याचे दर ठरलेले आहेत. आणि ज्याला साक्षात्कार होत नाही त्याला 'तुमचा कान अजून तयार नाही' असे सांगून गाभाऱ्याबाहेर उभे करण्याची रीतही आहे. या पंथाचा देव म्हणजे ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणारी वायर. तिला वायर म्हणणे हाही अपराधच. 'केबल' म्हणावे लागते. बोटाएवढी जाड, वर विणलेले वेष्टन, दोन्ही टोकांना सोन्याचा मुलामा आणि किंमत काही हजारांपासून काही लाखांपर्यंत.

वाङ्मयीन संस्थेच्या पत्रिकेत हा विषय कशाला, असे कोणी विचारील. कारण असे, की आमच्या श्रवणमंडळापुढे सध्या एक प्रस्ताव आहे. एका दिवंगत सभासदाच्या कुटुंबीयांनी मंडळाला दीड लाख रुपयांची देणगी दिली आहे. त्यातून श्रवणकक्षासाठी 'उच्च दर्जाच्या' केबली घ्याव्यात, असे काही मान्यवर सभासदांचे म्हणणे आहे. त्याच कक्षाच्या कपाटात इथल्या जुन्या मैफिलींच्या स्पूल टेप दर पावसाळ्यात बुरशी खात पडल्या आहेत. प्रस्तुत लेख त्या प्रस्तावाच्या विरोधात आहे, हे प्रारंभीच सांगून टाकतो.

माझी नोकरी राज्य शासनाच्या नापतौल खात्यात झाली. काटा तपासण्याचे आमचे नियम साधे होते. रिकाम्या पारड्यांवर काटा शून्यावर येतो का, ते आधी पाहायचे. वजन दुकानदाराचे नव्हे, आपले प्रमाणित वापरायचे. आणि तपासणी चालू असताना दुकानदाराचा हात पारड्याजवळ येऊ द्यायचा नाही. दुकानदार लबाडच असतो असे नव्हे. पुष्कळदा त्याला स्वतःलाही आपला काटा खोटा आहे हे ठाऊक नसते. म्हणूनच तपासणीची पद्धत माणसाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून ठेवायची नसते. केबलच्या बाबतीत मला एवढेच म्हणायचे आहे.

आता माझीच फजिती सांगतो. आमच्या एका स्नेह्यांनी ऐंशी हजारांची केबल आणली आणि अगत्याने ऐकायला बोलावले. जुन्या वायरवर अमीर खाँसाहेबांचा मारवा अर्धा ऐकला, मग केबल बदलून पुन्हा तोच भाग ऐकला. "काय साहेब, फरक कळला ना?" असे त्यांनी विचारले आणि मी मनापासून 'हो' म्हणालो. तानपुरा स्वच्छ वाटला, खर्जात भरणा वाटला. निघताना सहज लक्षात आले, की केबल जोडण्यासाठी बंद केलेला ॲम्प्लिफायर पुन्हा लावताना आवाजाचे बटन आधीपेक्षा किंचित पुढे गेले होते. तोच आवाज थोडा मोठा केला, तर आपल्याला तो 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. ध्वनीशास्त्रातली ही जुनी गोष्ट आहे. मी केबल ऐकली नव्हती. मी बटन ऐकले होते. आणि काही अंशी ऐंशी हजार रुपये ऐकले होते.

केबल करते तरी काय? विजेचा प्रवाह इकडून तिकडे नेते. चांगल्या केबलचे काम मार्गात काही न गमावण्याचे. स्वतःची भर घालण्याचे नव्हे. घरातल्या पॉवर प्लगला इलेक्ट्रिशियन वापरतो ती अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. स्पीकर पाच मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर वायर लागते. तिचा रोध सुमारे ०.०७ ओहम. समोर ८ ओहमचा स्पीकर. या वायरमुळे होणारी घट ०.०८ डेसिबलच्या आत. काही स्वरांना स्पीकरचा रोध ४ ओहमपर्यंत उतरला, तरी घट ०.१५ डेसिबलच्या आसपास. एक डेसिबलचा फरक कळायलाही सामान्य श्रोत्याला लक्ष द्यावे लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांची पायरी समजते. आणि ही वायर काहीशे रुपयांत मिळते.

यावर पुजारीमंडळी चांदी पुढे करतात. चांदी तांब्यापेक्षा अधिक सुवाहक आहे खरी, पण सुमारे ६ टक्क्यांनी. तांब्याची वायर तेवढी अधिक जाड घेतली की चांदीचे काम संपले. मग सांगतात, की उंच स्वरांचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागाजवळून वाहतो. हेही खरे. २०,००० हर्ट्झला तांब्यात ही खोली अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी असते. त्याने रोध थोडा वाढतो. परंतु जो मुळातच नगण्य आहे तो थोडा वाढला तरी नगण्यच राहतो. शिवाय साठी ओलांडलेल्या आम्हां मंडळींपैकी बहुतेकांना त्या उंचीचा आवाज ऐकूच येत नाही. स्पीकरच्या केबलवर प्रवाहाची दिशा दाखवणारे बाण छापतात त्यांविषयी काय बोलावे? संगीताचा संकेत प्रत्यावर्ती असतो. तो दर सेकंदाला शेकडो वेळा पुढे जातो आणि तितक्याच वेळा मागे येतो. बाण त्याला कोणता रस्ता दाखवणार?

सगळ्या वायरी सारख्याच, असे माझे म्हणणे नाही. फार बारीक वायर लांब अंतरावर वापरली तर आवाज खरोखर बिघडतो. ग्रामोफोनच्या पिनपासून ॲम्प्लिफायरपर्यंतच्या केबलची धारिता उंच स्वरांचा तोल बदलू शकते. गंजलेली टोके, सैल जोड, सदोष अर्थिंगमुळे येणारी पन्नास हर्ट्झची घरघर, एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागल्याने हरवणारा खर्ज, हे सर्व दोष खरे आहेत. पण ते मोजता येतात, डोळे मिटूनही ऐकू येतात आणि थोडक्या पैशांत दूर होतात. ज्या फरकासाठी लाख रुपये मागितले जातात तो मात्र मोजताही येत नाही आणि डोळे मिटले की नाहीसा होतो.

'संगीतात यंत्र प्रमाण नाही, कान प्रमाण,' हा विरोधकांचा हुकमी एक्का. मला तो पूर्णतः मान्य आहे. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा एक बारीक धागा असतो. तो केसभर सरकवला तर जवारी खुलते किंवा बसते. मिरजेचा कारागीर हे काम कोणत्याही मीटरवाचून करतो आणि आपण त्याच्यापुढे हात जोडतो. 'मग एवढासा धागा चालतो, तर केबल का नाही?' असा प्रश्न मला खुद्द आमच्या सभेत विचारला गेला. उत्तर असे: धागा नाद निर्माण होतो तिथेच बसलेला असतो, केबल तयार संकेत नुसता वाहून नेते. आणि दुसरे, अधिक महत्त्वाचे: तानपुऱ्याकडे पाठ करून बसा आणि कोणाला धागा सरकवायला सांगा, नवशिक्या विद्यार्थ्यालाही फरक कळेल. कारागिराच्या कानाला किंमत सांगावी लागत नाही. कान प्रमाण असेल तर मग फक्त कानालाच विचारा. डोळ्यांना, पावतीला आणि विक्रेत्याच्या जिभेला त्या वेळी खोलीबाहेर ठेवा.

ही मागणी नवी नाही. 'स्टिरिओ रिव्ह्यू' या अमेरिकन मासिकाने १९८३ साली अशी झाकलेली चाचणी घेतली होती. अगदी बारीक वायर श्रोत्यांनी चाचणीसाठी वापरलेल्या सपाट कोलाहलात ओळखली. परंतु आवाजाची पातळी सारखी केल्यावर, संगीत ऐकताना, साधी जाड वायर आणि नामांकित केबल यांतला फरक त्यांना विश्वासार्हपणे ओळखता आला नाही. पुढे २००७ मध्ये जादूगार जेम्स रँडी यांनी सात हजार डॉलरांहून महाग असलेली केबल कान वापरून ओळखून दाखवणाऱ्यास दहा लाख डॉलर देऊ केले. ती चाचणी झालीच नाही. जो फरक स्वयंपाकघरातल्या मंडळींनाही जाणवतो म्हणून सांगतात, तो दाखवून दहा लाख डॉलर घेणे इतके अवघड का व्हावे?

'चाचणीच्या दडपणाखाली कान बिथरतो,' हा पुढचा बचाव. म्हणून आम्ही स्नेह्यांच्याच घरी, त्यांच्याच खुर्चीत, त्यांच्याच आवडत्या रेकॉर्डवर, दोन निवांत रविवार घालवले. ॲम्प्लिफायरच्या मागे चादर टांगली. आवाजाच्या बटनावर चिकटपट्टी लावली. त्यांचा पुतण्या चादरीमागे नाणे उडवून कोणती केबल जोडायची ते ठरवी आणि काही न बोलता कागदावर लिहून ठेवी. अशा सोळा फेऱ्या केल्या. नुसत्या अंदाजाने सोळांपैकी बारा किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याचा संभव चार टक्क्यांहूनही कमी असतो. म्हणून बारा ही उत्तीर्ण होण्याची रेषा आधीच ठरवली होती. स्नेह्यांची नऊ उत्तरे बरोबर आली, माझी सात. ते मोठ्या मनाचे गृहस्थ. हसले आणि चहा मागवला. या एका घरगुती प्रयोगाने जगातल्या सगळ्या केबलींचा निकाल लागत नाही, हे मी जाणतो. पण सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे मागणाऱ्यावर असते, देणाऱ्यावर नव्हे. २००९ च्या वैध मापन कायद्याखाली केबलची लांबी कमी भरली तर विक्रेत्याला दंड होतो. तिच्या 'उबदार' आणि 'पारदर्शक' आवाजाला मात्र कोणतेच माप नाही, आणि सगळी किंमत तर त्याचीच असते.

कोणी म्हणेल, हौसेला मोल नसते. कोणी आपले पैसे कुठेही घालील, तुमचे काय जाते? स्वतःचे पैसे असतील तर माझे काहीच जात नाही. रेशमी वेष्टनाची केबल दिवाणखान्याला शोभा देत असेल तर जरूर घ्यावी. पण इथे पैसे मंडळाचे आहेत. आणि पैशांहून मोठे नुकसान दुसरेच आहे. आमच्या बैठकीला येणारी दोन-तीन तरुण मुले हल्ली येईनाशी झाली. चौकशी केली तेव्हा एक म्हणाला, "काका, तुम्ही सगळे जे ऐकता ते मला ऐकू येत नाही. माझा कान कच्चा आहे." त्याचा कान कच्चा नव्हता; तो खरे बोलत होता, एवढाच त्याचा दोष. ज्या श्रवणमंडळात खरे ऐकणाऱ्याला लाज वाटावी आणि न ऐकलेले ऐकल्याचे सांगणाऱ्याला मान मिळावा, ते मंडळ रसिकता वाढवीत नाही, ढोंग वाढवते. आपल्यापैकी कितीतरी जणांनी अब्दुल करीम खाँसाहेबांना खरखरणाऱ्या तबकडीवर ऐकले आणि डोळे पुसले. केसरबाई केरकरांचे जे गाणे १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेले, तेही जुन्या काळच्या साडेतीन मिनिटांच्या मुद्रणाचे. त्या स्वरांनी आपल्यापर्यंत पोचायला चांदीची वाट मागितली नव्हती.

मग दीड लाखांचे काय करावे? श्रवणकक्षाकडेच आधी पाहू. साडेतीन मीटर रुंदीच्या खोलीत पन्नास हर्ट्झच्या आसपासचा खर्ज भिंतींमध्ये अडकून घुमतो. एका खुर्चीत तो फुगतो, दुसरीत हरवतो. हा फरक दहा-दहा डेसिबलांचा असू शकतो. एक जाड सतरंजी, पुस्तकांनी भरलेली कपाटे, योग्य जागी ठेवलेले स्पीकर, यांनी जेवढी सुधारणा होईल तेवढी कोणत्याही केबलने होणार नाही. यासाठी वीस-पंचवीस हजार पुरेत. उरलेली सर्व रक्कम टेपांसाठी ठेवावी. जाणकाराकडून त्या स्वच्छ करून घ्याव्यात, त्यांचे डिजिटल मुद्रण करून दोन वेगवेगळ्या ठिकाणी जतन करावे आणि कोणती मैफल, कोणता राग, साथीला कोण, याची सूची हयात असलेल्या ज्येष्ठांना विचारून आताच लिहून काढावी. केबल पुढच्या वर्षीही बाजारात मिळेल. टेप आणि ती मैफल ऐकलेली माणसे मिळणार नाहीत.

प्रस्ताव मांडणाऱ्या सभासदांना माझी विनंती आहे, की सर्वसाधारण सभेच्या आधी एक रविवार काढावा. चादर, नाणे आणि चिकटपट्टी मी आणीन. केबल, रेकॉर्ड आणि वेळ त्यांनी निवडावी. सोळांपैकी बारा उत्तरे ज्यांची बरोबर येतील त्यांच्यासाठी मी माझा विरोध मागे घेईन आणि माझी चूक याच पत्रिकेच्या पुढच्या अंकात कबूल करीन.