संतीची आण

माकणीच्या धरणात अडणारी तेरणा तेरवरून येते. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इथले कापड भडोच बंदरामार्गे परदेशी जाई. त्या वैभवाच्या खुणा गावच्या संग्रहालयात जपल्या आहेत. संत गोरोबाकाकांची समाधी तर सर्वांनाच ठाऊक. पण संती?

भजनात तल्लीन गोरोबांच्या पायाखाली तान्हे मूल चिखलात तुडवले गेले, ही कथा भक्तीचा कळस म्हणून सांगतात. त्याच कथेत पोर गमावलेली आई संतापते, नवरा मारायला धावतो आणि ती विठ्ठलाची आण घालते, मला शिवू नका. मग वंशासाठी तिचीच धाकटी बहीण रामी सवत म्हणून येते. आमच्या बैठकीतल्या बायकांना ही गोष्ट जुनी वाटत नाही. हात उगारणारा नवरा, वारसासाठी दुसरे लग्न, सारे ओळखीचेच.

यामुळे गोरोबांची थोरवी कमी होत नाही. पण मार चुकवायला देवाचे नाव घेणारी बाईही याच तीर्थाच्या इतिहासात आहे. मैत्रिणींनो, चैत्रात तेरच्या यात्रेला जाऊ तेव्हा ही कथा संतीच्या बाजूने सांगू या.