गोफण ठेवा, पेटी उघडा

जानेवारी-फेब्रुवारीत जालना जिल्ह्यातल्या बदनापूर-अंबड भागात मोसंबीचा आंबिया बहर फुलतो. ऊन चढू लागले की बागेत मधमाश्यांची गुणगुण सुरू होते, आणि मागोमाग तारेवर वेडे राघू येऊन बसतात. राघू झेपावतो, माशी चोचीत धरून परततो, तारेवर आपटून-घासून तिची नांगी निकामी करतो आणि गिळतो. हे सारे डोळ्यांदेखत घडते, म्हणून पेट्या ठेवणाऱ्याचा हात आधी गोफणीकडे जातो.

नेम चुकतो तो इथेच. भरल्या पेटीत हजारो कामकरी माश्या असतात. राघूने टिपलेल्यांची तूट राणी भरून काढते.

गांधीलमाशी त्याहून त्रासदायक. पण आपल्या देशी सातेरी माशीकडे तिचे उत्तर आहे. शेकडो माश्या तिला घट्ट गराडा घालतात, अंगाचे स्नायू थरथरवत आतली उष्णता सुमारे ४६ अंशांपर्यंत नेतात. गांधीलमाशी होरपळून मरते, बहुतेक सातेरी तगतात. बाहेरून आणलेल्या मेलिफेरा माशीला हे तितके साधत नाही. तिच्या पेटीचे दार अरुंद केलेले बरे.

खरा घरभेदी मेणकिडा. त्याची मादी रात्री फटीत अंडी घालते. अळ्या जुन्या, काळ्या पोळ्यांतून बोगदे पाडतात. मेण, पराग, कोषांची साले, सगळे फस्त करतात. अशी पेटी उघडली की चौकटी पांढऱ्या जाळ्याने एकमेकींना चिकटलेल्या दिसतात आणि तळपाटावर मिरपुडीसारखी काळी विष्ठा. माश्या केव्हाच निघून गेलेल्या असतात.

माश्यांनी गजबजलेल्या पेटीत मात्र या किड्याचे फारसे चालत नाही, कारण माश्या अळ्या ओढून बाहेर फेकतात. तो पोखरतो ती दुबळी पेटी, आणि पेटी दुबळी होते माणसामुळे. मोसंबीला पालवी आणि फुले एकदमच येतात; पालवीवरच्या सायला किडीसाठी मारलेले औषध फुलावरच्या माशीलाही लागते. पुढे उन्हाळ्यात ना फूल, ना पाणी.

१९६४ साली महिको ही बियाणे कंपनी याच जालन्यात उभी राहिली आणि शहराची ओळख बियाण्याशी जोडली गेली. कांद्याच्या संकरित बियाण्यात तर माश्या गोंड्यांवर फिरल्या नाहीत तर बी भरत नाही. एवढे ज्यांच्यावर अवलंबून आहे, त्यांच्यासाठी थोडे कष्ट घ्यायला हवेत. फुले उमलण्याआधीच फवारणी उरका, बहरात हात आवरा. आठवड्याला तळपाट झाडा, रिकामी काळी पोळी काढून वितळवा, आणि एप्रिल-मेमध्ये पेटीजवळ उथळ भांड्यात खडे टाकून पाणी ठेवा.