रडवेला सम्राट आणि निर्दोष रोम

रिडली स्कॉटच्या ‘ग्लॅडिएटर’ (२०००) या चित्रपटातला वाकीन फिनिक्सचा कॉमोडस म्हणजे खलनायकी अभिनयाची परमावधी, असे म्हणण्याची आता रीतच पडून गेली आहे. अभिनयाबद्दल आमचा वाद नाही. थरथरणारे ओठ, पाणावलेले डोळे, आलिंगनातच बापाचा श्वास कोंडणारे हात. वाट्याला आलेल्या भूमिकेचे नटाने सोने केले. आमचा आक्षेप त्या भूमिकेच्या घडणीवर आणि तिच्यावर लुब्ध होणाऱ्या समीक्षेवर आहे.

चित्रपटाचे म्हणणे असे, की बापाची माया मिळाली नाही म्हणून मुलगा जुलमी झाला. तत्त्वज्ञ मार्कस ऑरेलियस तर म्हणे सत्ता सेनापतीच्या हाती सोपवून प्रजासत्ताक परत आणू पाहत होता! इतिहास नेमका उलटा आहे. इ. स. १७७ मध्ये मार्कसनेच कॉमोडसला सहसम्राट केले. १८० मध्ये तो वारला तेव्हा वारस कधीचा ठरलेला होता. मग पुढच्या बारा वर्षांच्या कारभाराचा काही दोष शहाण्या बापाकडे जातो की नाही? पटकथेने त्याला मुलाचा बळी करून सोडवले.

सिनेटलाही तिने असेच सोडवले. कॅसियस डिओ हा इतिहासकार तेव्हा स्वतः सिनेटर होता. तो सांगतो, आखाड्यात शहामृग मारून कॉमोडस त्याचे मुंडके एका हातात आणि रक्ताळलेली तलवार दुसऱ्या हातात घेऊन सिनेटरांसमोर आला. बोलला काहीच नाही, नुसती हसत मान हलवली. डिओला भीतीपेक्षा हसूच अधिक आले. पण हसणे म्हणजे मरण. त्याने डोक्यावरच्या माळेतली लॉरेलची पाने तोडून चघळली आणि शेजाऱ्यांनाही चघळायला लावली. हुकूमशाहीचे याहून खरे चित्र कोणते? फिनिक्सचा कॉमोडस पाहताना भय वाटते, कीवही येते. हसू दाबावे लागत नाही. कारण चित्रपट आपल्याला त्या बाकांवर बसवतच नाही.

पडद्यावर कॉमोडस पडतो आणि रोम मोकळे होते. प्रत्यक्षात ३१ डिसेंबर १९२ रोजी नार्सिसस नावाच्या मल्लाने त्याला गळा दाबून मारले; तीन महिन्यांच्या आत नवा सम्राट पर्टिनॅक्सही मारला गेला आणि प्रिटोरियन शिपायांनी सिंहासन चक्क लिलावात काढले. जुलमाचे मूळ एकाच माणसाच्या दुखऱ्या मनात शोधले, की पाने चघळणारे सगळे निर्दोष ठरतात. प्रेक्षकाला ते सुखाचे वाटेल. समीक्षकाला वाटता कामा नये.